जुना पडदा आणि नवा संगणक
(रास तनुराहून)



रास तनुरा हे नाव आपल्या बेटावर फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दम्मामच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेली वाळूची एक लांब पट्टी आहे, तिच्यावर हे गाव वसले आहे. अरबीत ‘रास’ म्हणजे डोके. आपण मराठीत ‘भूशिर’ म्हणतो तेच. १ मे १९३९ रोजी याच धक्क्यावरून सौदी तेलाचे पहिले जहाज भरून निघाले आणि त्या वेळी राजे अब्दुल अझीझ यांनी स्वतः झडप उघडली. १९४५ साली येथील तेलशुद्धीकरण कारखाना पूर्णपणे चालू झाला. त्या कारखान्याला लागून रहीमा नावाचे छोटे गाव आहे. नोकरीनिमित्त आम्ही सहकुटुंब काही वर्षे तेथे राहिलो.

आज जी हकीकत सांगणार आहोत ती तेलाची नव्हे. एका जुन्या, जाड पाठीच्या संगणकाच्या पडद्याची ती हकीकत आहे. वरवर पाहता विषय किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा गॅरेजात असा एखादा पडदा धूळ खात पडला असेल, म्हणून ती सविस्तर लिहावी असे वाटले.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सौदीतील शाळा बंद झाल्या. त्याच महिन्याच्या २३ तारखेपासून संध्याकाळी सात ते सकाळी सहा अशी संचारबंदी सुरू झाली आणि पुढे ती आणखी कडक झाली. किराणा आणि औषधे एवढीच दुकाने उघडी असत. शाळेचे वर्ग संगणकावर भरू लागले. आमची कन्या त्या वर्षी दहावीत होती. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या संगणकाचा सपाट पडदा एकाएकी काळा पडला तो कायमचा! संगणक ठणठणीत होता, आवाज येत होता, फक्त दिसत काही नव्हते. घरात दूरदर्शन संच नव्हता. पोरगी आठ दिवस मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर गणिते वाचत राहिली. संध्याकाळी तिचे डोळे लाल होऊन पाणी गळे. पाहून जीव तुटे.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील एक गृहस्थ राहत. वयाने वडील, म्हणून आम्ही सारे त्यांना काकाच म्हणत असू. कारखान्यातील मोजमापाची यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. आमचे पूर्वज कोकणातूनच जहाजात बसले हे कळल्यापासून ते आम्हाला गाववाले समजत. जिन्यावरून आमचे रडगाणे ऐकताच ते म्हणाले, ‘‘अहो भाऊ, माझ्या कोठीत जुना मॉनिटर पडलाय. १९९८ साली खोबरच्या बाजारातून आणलेला. चालू आहे की नाही ते बघायला काय जातं?’’

आणि त्यांनी तो पंधरा इंची, पोत्याएवढा जड पडदा जिन्यापर्यंत आणून ठेवला. तोंडाला फडके बांधून आम्ही तो वर नेला. विजेला जोडताच आतून ‘टंक्’ असा आवाज झाला आणि काच हळूहळू उजळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण आनंद दोनच मिनिटे टिकला. कारण त्या पडद्याची तार आमच्या संगणकात कोठेच बसेना.

हा अडथळा काय होता ते आधी समजून घेऊ.

जुन्या पडद्याच्या तारेचे टोक निळ्या रंगाचे असते आणि त्यात तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. याला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या संगणकांबरोबर ही पद्धत आणली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभर तीच चालली. पुढे १९९९ साली डीव्हीआय आले, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि इतर मोठ्या कंपन्यांनी व्हीजीएला २०१५ पर्यंत निरोप देण्याचे जाहीर केले. चित्र तयार करणारी जी पाटी संगणकात बसवतात, जिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, तिच्यावरूनही जुना संकेत हळूहळू नाहीसा झाला. एएमडीच्या २०१३ सालच्या आणि एनव्हिडियाच्या २०१६ सालच्या मोठ्या कार्डांतून तो गेला. आमचे कार्ड २०१७ सालचे. म्हणजे काकांचा पडदा आणि आमचे कार्ड यांची कधी गाठच पडलेली नव्हती.

‘‘पण काका, टोकाचा आकार वेगळा एवढंच ना? मग एखादा जोड लावला की झालं,’’ आमचे चिरंजीव म्हणाले.

काका जिन्यात पायरीवर बसले होते, आम्ही वरच्या दारात. त्यांनी जे सांगितले ते आम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले समजले. ते म्हणाले, ‘‘अरे, कारखान्यात एखाद्या टाकीतला दाब मोजायचा असला, तर यंत्र तारेतून बारीक वीज पाठवतं. दाब शून्य असला तर चार मिली अँपिअर, पुरा भरला तर वीस, निम्मा असला तर बारा. दाब जसा चढेल तशी वीज चढते, अगदी पाण्याच्या पातळीसारखी. याला अ‍ॅनालॉग म्हणायचं. तुझा संगणक मात्र फक्त शून्य आणि एक ओळखतो. त्याला पातळी कळत नाही, आकडा कळतो. म्हणून आमच्याकडे दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो, पातळीचा आकडा करणारा. इथंही तेच, फक्त उलट. कार्ड आकडे बोलतंय, पडद्याला पातळी हवी.’’

‘‘आणि शून्याला चार का? शून्यच का नाही?’’ कन्येने विचारले.

‘‘शाब्बास बाय! तार तुटली तर शून्य येईल ना? मग दाब शून्य आहे की तार तुटली आहे हे कसं कळणार? म्हणून चार.’’

जुन्या पडद्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन तारा असतात. प्रत्येक तारेत वीज शून्यापासून सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत चढते-उतरते. शून्य म्हणजे अंधार, ०.७ म्हणजे तो रंग पूर्ण तेजाने, आणि मधल्या सगळ्या छटा मधल्या पातळ्यांवर. काचेच्या नळीतील किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा धावत जातो आणि ज्या क्षणी जी पातळी तारेत असेल तेवढा ठिपका उजळतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी अशी नळी १८९७ साली तयार केली; आपल्या जुन्या दूरदर्शन संचातही तीच असे. नव्या तारेतून मात्र प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचा आकडा येतो. नळीला आकड्याचे काय?

आपल्या वाचकांना याचे उदाहरण घरातच सापडेल. मॉरिशसमध्ये दूरदर्शनचे प्रसारण डिजिटल झाले तेव्हा जुना संच टाकून न देता त्याला एक छोटा डबा लावला आणि चित्र पुन्हा दिसू लागले. तो डबा आकाशातून आलेले आकडे जुन्या संचाला कळतील अशा पातळ्यांत बदलून देई. संगणकाच्या पडद्यालाही तसाच डबा लागतो.

तरीही माणूस सोपा मार्ग आधी धुंडाळतो. आमच्याकडून तीन चुका झाल्या. त्या सांगतो, म्हणजे वाचकांच्या होणार नाहीत.

पहिली चूक अशी. काकांच्या पेटीत एक पांढरा जोड निघाला. एका बाजूस डीव्हीआय, दुसऱ्या बाजूस व्हीजीए. आमच्या कार्डावर डीव्हीआयचे तोंड होतेच, म्हणून आम्ही हर्षभरित झालो. पण जोड आत जाईना. नीट पाहिले तेव्हा दिसले की जोडाच्या चपट्या पात्याभोवती चार बारीक पिना आहेत आणि कार्डावर त्यांच्यासाठी छिद्रेच नाहीत. चिरंजीवांनी पक्कड आणून त्या चार पिना मोडण्याची तयारी केली. काका खालून ओरडले, ‘‘अरे थांब! भोक नाही तिथे सिग्नल पण नाही. त्या चार पिनांतूनच तर पातळी येते. मोडून बसवशील, पण चित्र येणार नाही, आणि चांगला जोड हातचा जाईल.’’ खरेच, कार्डांवर डीव्हीआयच्या मुख्यतः दोन जाती आढळतात. एकीतून जुना संकेतही येतो आणि दुसरीतून केवळ आकडे येतात. आमची दुसरी होती.

दुसरी चूक. संगणकाच्या मागे, मूळ पाटीवर, एक निळे पंधरा पिनांचे तोंड आढळले. इतके दिवस आपण पाहिलेच कसे नाही, म्हणून आम्ही स्वतःवरच हसलो. तार त्यात घट्ट बसली. पण पडदा काळाच राहिला. त्या तोंडातून चित्र यायचे तर प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग असावा लागतो. आमच्या प्रोसेसरमध्ये तो नव्हता. ज्यांच्या संगणकात असा भाग आहे त्यांचे काम मात्र येथेच, एक पैसाही न घालवता होऊ शकते. वेगळे कार्ड बसवलेले असेल तर कधीकधी हे तोंड आपोआप बंद ठेवलेले असते. संगणकाच्या सुरुवातीच्या मांडणीत ते चालू करावे लागते, किंवा कार्ड काढून पाहावे लागते. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी संगणकाची पाठ नीट पाहावी, हा पहिला उपदेश.

तिसऱ्या चुकीत पैसे गेले. घरपोच माल पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून आम्ही एक तार मागवली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए. किंमत अगदी कमी. चार दिवसांनी ती आली. लावली, आणि काही नाही. काकांनी ती हातात घेऊन वाकवून पाहिली व म्हणाले, ‘‘यात दुभाष्या कुठाय? नुसती तारेला तार जोडली आहे.’’ अशा तारा आजही विकल्या जातात. त्यांच्यात संकेत बदलणारी चकती, म्हणजे चिप, नसते आणि त्या आपल्या कामाच्या नसतात. घेताना ‘कन्व्हर्टर’ आहे काय आणि तो कोणत्या दिशेने बदलतो, हे दोन प्रश्न विचारावेत. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा वेगळा आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा वेगळा. एक दुसऱ्याचे काम करीत नाही.

शेवटी तीस रियालांना खरा कन्व्हर्टर आला. अंगठ्याएवढी काळी डबी. एक टोक कार्डाच्या एचडीएमआयमध्ये, दुसऱ्या बाजूस काकांच्या पडद्याची निळी तार. कळ दाबली. पडद्यावर संगणकाची सुरुवातीची खूण उमटली! घरात एकच गलका झाला. आणि पुढच्या क्षणी चित्र गेले. काळ्या पडद्यावर एक चौकोन आला, त्यात इंग्रजीत लिहिले होते की संकेत मर्यादेबाहेर आहे. कन्या रडायच्या बेताला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चाचणी होती.

काकांनी खालून विचारले, ‘‘पडद्याच्या पाठीवर काय लिहिलंय? किलोहर्ट्झ किती?’’ आम्ही विजेरी घेऊन वाचले : ३० ते ५४ किलोहर्ट्झ. ‘‘मग कागद-पेन्सिल घे बाय, गणित तूच कर.’’

ते गणित असे. किरणाला एका चित्रासाठी किती ओळी काढायच्या आणि सेकंदात किती चित्रे काढायची, यांचा गुणाकार म्हणजे सेकंदातील एकूण ओळी. नवा संगणक सवयीने १९२० बाय १०८० चे चित्र पाठवतो. त्यात दिसणाऱ्या ओळी १०८०, पण किरण खालून पुन्हा वर जाईपर्यंतच्या न दिसणाऱ्या ओळी धरून एकूण ११२५. सेकंदाला ६० चित्रे. ११२५ गुणिले ६० म्हणजे ६७,५००, अर्थात ६७.५ किलोहर्ट्झ. पडद्याची धाव ५४ पर्यंतच! म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत जुंपल्यासारखे झाले. हा पडदा निदान ‘झेपत नाही’ असे सांगणारा होता; त्याहून जुने काही पडदे मुकाट्याने ओढत राहतात आणि आतील भाग जळतो. म्हणून पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय नवा संकेत देऊ नये.

८०० बाय ६०० चे चित्र घेतले तर एकूण ओळी ६२५. सेकंदाला ७५ चित्रे. ६२५ गुणिले ७५ म्हणजे ४६,८७५. ‘‘सत्तेचाळीसच्या आत! बसतंय काका!’’ कन्या दारातून ओरडली. १०२४ बाय ७६८ हेही सेकंदाला ६० चित्रांनी ४८.४ किलोहर्ट्झमध्ये बसले असते. पण नळीच्या पडद्यावर ६० चा वेग डोळ्यांना लुकलुकतो, डोके दुखते. आम्हाला डोळेच वाचवायचे होते, म्हणून ७५ चा वेग निवडला.

पण संगणकाने मुळात मोठे चित्र पाठवलेच का? पडदा जोडला की तो ‘मी कोण, मला काय झेपते’ हे संगणकाला गुपचूप सांगत असतो. स्वस्त कन्व्हर्टर कधीकधी पडद्याचे म्हणणे पुढे नेण्याऐवजी स्वतःचीच ओळख देतो. आमच्या दुभाष्याने तीच लबाडी केली होती. आता ज्या पडद्यावर काही दिसत नाही त्यावर मांडणी बदलायची कशी? सुरुवातीची खूण दिसत होती, हाच धागा धरला. संगणक सुरू होताना दोन-तीन वेळा मध्येच बंद केला, तेव्हा त्याने दुरुस्तीचे पान दाखवले. त्यात लहान चित्राने सुरू होण्याची सोय होती. त्या वाटेने आत शिरून यादीतून ८०० बाय ६०० आणि ७५ असे निवडले. रात्री अकरा वाजता पडदा स्थिर झाला. काळा खरोखर काळा, अक्षरे हरभऱ्याएवढी मोठी. व्हीजीएच्या तारेतून आवाज येत नाही, म्हणून कानाला लावायचे यंत्र थेट संगणकात खोचले. सकाळी कन्या चाचणीला बसली. पुढे दुकाने उघडेपर्यंतचे सारे वर्ग तिने त्याच पडद्यावर केले.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. पडदा चालेना म्हणून चिरंजीवांनी एकदा त्याच्या पाठीचे स्क्रू काढायला घेतले होते. त्या दिवशी काकांना आम्ही प्रथमच संतापलेले पाहिले. रंगीत नळीला सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब लागतो आणि तार काढून ठेवल्यावरही तो आत बराच वेळ साठून राहू शकतो. नळी फुटली तर काचा उडतात, आणि त्या काचेत शिसेही असते. जोडाजोडी बाहेरून हवी तेवढी करावी. पाठ उघडणे हे जाणकाराचेच काम.

शिशावरून आपल्या बेटाची आठवण झाली. तेथे जे टाकाल ते तेथेच राहते. बहुतेक कचरा १९९७ पासून मार शिकोजच्या एकाच कचराभूमीवर जातो आहे आणि तेथील जागा कमी पडत चालली आहे. आपण फेकलेला जड पडदा कोठे दूर देशी जात नाही, आपल्याच मातीत शिसे घेऊन पडतो. म्हणून मोडला नसेल तर वापरावा, आणि मोडला असेल तर साध्या कचऱ्यात न टाकता विजेच्या वस्तू गोळा करणाऱ्यांकडे द्यावा. पातळ पाठीचा, पण निळ्या तारेचा पडदा तर आणखी पुष्कळ घरी असेल. त्यालाही हाच कन्व्हर्टर चालतो. नवीन लॅपटॉपला एचडीएमआय नसून लहान चपटे यूएसबी-सी तोंड असेल तर त्यासाठीही असा कन्व्हर्टर मिळतो. मात्र त्या तोंडातून चित्र बाहेर येते की नाही ते आधी पाहून घ्यावे.

उगाच स्तुतीही करणार नाही. नळीचा पडदा वीज जास्त खातो, खोली तापवतो, अर्धे टेबल अडवतो. नवा घेणे परवडत असेल आणि जुना थकला असेल, तर हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण ‘बसत नाही’ आणि ‘निकामी झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे. काकांचा पडदा एक दिवसही निकामी नव्हता. मधला दुभाष्या मिळेपर्यंत तो गप्प होता, इतकेच.

आणखी एक गोष्ट त्या महिन्यात घडली. आमची मुले घरात क्रेओल आणि इंग्रजी बोलत. मराठी फक्त आरतीपुरती. काकांना क्रेओल येत नव्हती. पडद्यापायी रोज जिन्यात तासभर बोलणे होऊ लागले आणि मुलांना ‘खोचणे’, ‘वाकवणे’, ‘झेपणे’, ‘भोक’ असे शब्द येऊ लागले, जे आम्ही आजीच्या तोंडून शेवटचे ऐकले होते. आम्ही कधी शिकवायला बसलो नाही, आणि ती शिकत आहेत हे त्यांनाही कळले नाही.

२०२१ साली काका नोकरी संपवून कायमचे कोकणात परतले. जाताना आम्ही पडदा परत देऊ लागलो, तर म्हणाले, ‘‘विमानात काय डोक्यावर घेऊन जाऊ? असू दे बायला.’’ पुढे आम्हीही बेटावर परतलो तेव्हा तो तेथील दुसऱ्या एका कुटुंबाला चालू स्थितीत देऊन आलो. ती काळी डबी मात्र बरोबर आणली. गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या माळ्यावरचा जुना पडदा तिला जोडला. पाठीवरचा आकडा वाचून, कागदावर गुणाकार करून, मगच. गणित कन्येनेच केले. भावाच्या मुलाने विचारले, हे कोणी शिकवले? ती चटकन मराठीत म्हणाली, ‘‘काकांनी.’’

असो. माळ्यावर चढण्यापूर्वी पाठीवरचा आकडा वाचायला विजेरी घ्यायला विसरू नका.